कोणत्या आवाजाला कोणता कान

पनवेलमध्ये माझी जी खोली आहे तिला मी प्रयोगशाळा म्हणते आणि माझा नवरा दुकान म्हणतो. खाली फरसाणवाला, वर मी. पाताळगंगेच्या बाजूला एका कारखान्यात मी आयुष्यभर मोजमापाची यंत्रं सांभाळली. निवृत्त झाल्यावर घरात बसून मेथी निवडणं जमेना, म्हणून ही खोली घेतली. कारखान्यांची मीटरं तपासून देते आणि कुठे चुंबकक्षेत्र मोजायचं असेल तर यंत्र घेऊन जाते. याशिवाय लोकांवर चिडते, ते फुकट.

चिडायला कारणंही भरपूर मिळतात. चुंबकक्षेत्र डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही, त्यामुळे त्याबद्दल कोणीही काहीही बोलायला मोकळा. मोबाइल उशाशी ठेवला म्हणून केस गळतात, तारेखाली घर आहे म्हणून सून टिकत नाही, असलं सगळं माझ्याकडे येतं. आणि यंत्र म्हटलं की लोकांना वाटतं, ते एकच असणार, थर्मामीटरसारखं. लावलं की आकडा आला.

तसं ते नाही. माझ्या कपाटाला तीन कप्पे आहेत. वरच्या कप्प्यात हॉल प्रोब, म्हणजे एक चपटी पट्टी आणि तिला जोडलेलं मीटर. लोखंड उचलणाऱ्या क्रेनच्या चुंबकासारखं जोरदार आणि एका जागी ठाम असलेलं क्षेत्र मोजावं ते त्याने. महागडं आहे, त्याच्यावर तपासणीचा शिक्का असतो, आणि लोकांसमोर पेटी उघडली की वजन पडतं. मधल्या कप्प्यात एक छोटं मीटर. घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते. हे मीटर तेवढाच हेलकावा ऐकतं आणि बाकी सगळं गाळून टाकतं. खालच्या कप्प्यात मी स्वतः गुंडाळलेल्या कॉइल. त्यांना ना शिक्का, ना पेटी. कॉइलच्या नाकासमोर चुंबक धरून ठेवलात तरी तिला पत्ता लागत नाही, पण क्षेत्र बदलायला लागलं की ती जागी होते, आणि जितक्या जलद बदलेल तितकी मोठ्याने ओरडते. कुठे कोणता कप्पा उघडायचा, हे ठरवण्यात माझ्या कामातली अर्धी अक्कल जाते. हे मी आठवड्यातून एकदा तरी कुणाला ना कुणाला सुनावते.

त्या दिवशी गव्हाणहून एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, हातात दोन फोन. पूर्वी त्यांच्या घरची मिठागरं होती. जमिनी गेल्या, आता ते इमारती बांधतात, आणि गावातच स्वतःची चार मजली उभी केली आहे. खुर्चीवर बसले, पण टेकले नाहीत.

"मॅडम, बाबांची खोली चेक करायचीय. मशीननी," ते म्हणाले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नव्या इमारतीत राहायला गेल्यापासून त्यांच्या वडिलांना तळमजल्यावरच्या आपल्या खोलीत आवाज येत होता. कुणीतरी भिंतीत बसून गुणगुणतंय, असं ते म्हणत. घरात दुसऱ्या कुणालाही तो ऐकू येत नव्हता. डॉक्टर झाले. बाबांना कमी ऐकू येतं म्हणून ते कानाला मशीन लावत, पण तेही व्यवस्थित होतं. वयाप्रमाणे असं होतं, असं एकांनी सांगितलं, आणि दुसऱ्यांनी मनाच्या डॉक्टरांकडे जायला सुचवलं. म्हातारबाबा आता भिंतीवर खडूने रेघा मारायला लागले होते.

"कर्जतच्या पुढं एक ठिकान हाय," मुलगा म्हणाला. "चांगलं हाय, बाग हाय, नर्स हाय. तिकडं ठेवायचं ठरवलंय. पन बहीन माजी आपट्याला दिलेली, ती ऐकत नाय. ती बोलते, खोली आधी मशीननी चेक कर, कागद दाखव, मंगच बाबांना हलव."

म्हणजे एका म्हाताऱ्या माणसाने स्वतःच्या घरात राहायचं की नाही, हे माझ्या कागदावर ठरणार होतं. हे त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि मलाही स्पष्ट कळलं. पुढे जे झालं त्यात, मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेले. निघताना वरचा कप्पा उघडला आणि मधला उघडला. कागद द्यायचा होता, आणि कागदाला शिक्क्याचं यंत्र लागतं. घर म्हणजे पन्नासचा हेलकावा, त्याला छोटं मीटर पुरे. खालच्या कप्प्याकडे मी पाहिलंसुद्धा नाही. खरं सांगायचं तर मनात मी निकाल लावून टाकला होता. आणखी एक केस गळणारा, एवढंच.

खोली छान होती. टाइल्स, खिडकी, भिंतीला लावलेला पलंग, आणि पलंगाशेजारी एक जुना वायरचा फोन. ऐंशीच्या घरातले काका पलंगावर ताठ बसले होते. अंगाने काटकुळे, पण पाय मात्र रुंद, तळव्यांना भेगा. मी सँडल काढून आत आले तर त्यांनी आधी माझ्या हातातली पेटी पाहिली.

"ही ऐकनारी मशीन हाय काय, बाय?"

"मोजणारी आहे, काका."

"त्येच ते," ते म्हणाले.

मग त्यांनी मला भिंत दाखवली. पलंगामागे खडूच्या उभ्या रेघा होत्या, काही हातभर लांब, काही बोटभर. खिडकीच्या भिंतीवरही तशाच. दारापाशी नुसते ठिपके. जिथे आवाज मोठा तिथे मोठी रेघ, कमी तिथे छोटी, असं ते समजावत होते. एका रेघेपाशी मान तिरकी करून, कान भिंतीला लावून त्यांनी मला ऐकून दाखवलं. मी फोन काढला आणि त्यांचा त्या भिंतीसकट फोटो घेतला. तो तिथूनच नवऱ्याला पाठवला आणि खाली लिहिलं, "मला स्पर्धक मिळाला." नवऱ्याने हसणारे तीन चेहरे पाठवले.

मी मोजत होते तोवर काका बोलतच होते. कानाच्या मशीनला फोनची एक कळ आहे, ती ते कायम चालू ठेवतात, कारण आपट्याची लेक रोज दुपारी फोन करते आणि त्या कळीशिवाय तिचं बोलणं लागत नाही. बोटं आखडली आहेत, बारकी कळ सारखी मागेपुढे करता येत नाही. हे मी ऐकलं आणि सोडून दिलं. मग त्यांचं बोलणं मिठागरावर गेलं.

"मीठ एकदम नाय व्हत, बाय. पयल्या वाफ्यान पानी बगायचं ते डोल्यान. मधल्या वाफ्यान डोला काय कामाचा नाय, तिकडं जीभ लावायची. आनी शेवटच्यान जीभ पन नाय. तिकडं पाय. तलव्याला खर लागली की समजायचं, धरलं मीठ. शेवटच्या वाफ्यान जीभ लावनारा येडा, आनी पयल्यान पाय घालनारा त्याच्याउन येडा."

"हो का," मी म्हणाले. मी आकडे लिहीत होते.

हॉल प्रोबने शून्य दाखवलं. छोट्या मीटरने चारही भिंतींशी तेवढंच दाखवलं जेवढं ते माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात दाखवतं. मी पलंगावर कागद ठेवून लिहिलं, दोन्ही यंत्रांवर कोणतेही असामान्य चुंबकक्षेत्र आढळले नाही. खाली सही, खाली शिक्का. शिक्का जरा जोरात मारायची मला सवय आहे.

"काय बोलतंय?" काकांनी विचारलं.

"काय नाय बोलतंय, बाबा," मुलगा मोठ्याने म्हणाला. "खोलीन काय नाय."

"मंग मी खोटा?"

मुलाने कागद उचलून घडी केली. सून दारात उभी होती, ती आत निघून गेली. मी प्रोबची वायर गुंडाळत होते. ती नीट गुंडाळावी लागते, नाहीतर तुटते.

या गोष्टीला आठ-नऊ दिवस झाले असतील. गुरुवार होता. तळोज्याकडच्या एका कारखान्यातल्या इंजिनिअरचा फोन आला. त्यांच्याकडे लोखंड तापवायची भट्टी आहे, वायरच्या वेढ्यातून जलद हेलकावणारी वीज सोडून तापवतात ती. तिच्याजवळ किती क्षेत्र आहे हे त्यांनी हॉल प्रोबने मोजलं होतं.

"मॅडम, शून्यच येतंय. म्हणजे सेफ आहे ना?"

माझं टाळकंच फिरलं. "अहो, सेफ कसलं? तुमचा प्रोब तिथे बहिरा आहे! तिथे क्षेत्र सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होतंय, तुमच्या प्रोबला त्यातलं काही ऐकू येत नाही. शून्य दाखवलं म्हणजे तिथे काही नाही असं नसतं. आधी आवाज कसला आहे ते बघा, मग त्याला कान निवडा. इंजिनिअर ना तुम्ही? शेवटच्या वाफ्यात कोणी जीभ..."

आणि मी गप्प झाले. तो बिचारा "हॅलो, हॅलो" करत राहिला.

वाफा माझ्या तोंडात कुठून आला? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी दुसऱ्यांसाठी पुष्कळदा वापरली आहे. त्या दिवशी ती घरी परत आली. मी फोन ठेवला आणि फोटो उघडला. भिंतीशी मान तिरकी करून उभे असलेले काका, आणि कानामागे ते मशीन. फोनची कळ म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? कानाच्या मशीनमध्ये फोनसाठी एक बारीकशी कॉइल असते. ती कळ चालू केली की मशीन हवेतला आवाज सोडून, किंवा त्याच्या जोडीला, फोनच्या चुंबकाची थरथर थेट ऐकतं. माझ्या खालच्या कप्प्यातल्या कॉइलची ती धाकटी बहीण. मी दोन बहिरी यंत्रं घेऊन त्या खोलीत गेले होते, आणि तिथला एकुलता एक योग्य सेन्सर एका म्हाताऱ्याच्या कानामागे होता. त्याने खोलीचा नकाशाही काढून ठेवला होता. मी त्याचा फोटो काढून हसले होते.

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

काकांच्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "शनिवारी नेतोय मॅडम बाबांना. बहीन मानली. तुमचा कागद पाठवला तिला व्हाट्सअ‍ॅपवर."

"नेऊ नका. मी उद्या येते. परत मोजायचंय."

"आता कशाला? कागद झाला ना?"

"कागद चुकला."

मी कारखान्यात इतकी वर्षं काढली, पण हे दोन शब्द याआधी कधी म्हटले होते ते मला आठवत नाही. माझा कागद चुकत नाही, हीच तर माझी मिजास होती.

शुक्रवारी गेले तेव्हा भिंत नवीन रंगवलेली होती. रेघा गेल्या होत्या. पलंगाशेजारी एक निळी, चाकांची बॅग उभी होती, कोरी करकरीत. काकांच्या कानात मशीन नव्हतं.

मी खुणेने विचारलं. त्यांनी उशाखालून डबी काढली आणि उघडून दाखवली.

"काढून ठेवलं. ऐकू नाय आलं, तर खोटा पन नाय ठरत."

"घाला, काका," मी ओरडून म्हणाले. "आज तुम्ही मोजायचं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मशीन कानात घातलं, आणि लगेच कपाळाला आठी पडली. आवाज होताच.

मी खालच्या कप्प्यातली कॉइल आणली होती. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओतली काळी कांडी, तिच्यावर केसाएवढी तांब्याची तार गुंडाळलेली, पुढे एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणि हेडफोन. हेडफोन कानाला लावले आणि कांडी पलंगामागच्या भिंतीशी धरली.

भिंत गुणगुणत होती. जाड, किरकिरा, न थांबणारा आवाज, डबीत कोंडलेल्या भुंग्यासारखा. मी कांडी सरकवत खिडकीपर्यंत गेले, तिथेही तसाच. दारापाशी आले तर जवळजवळ विझला. फोनमधला फोटो समोर धरला. मोठी रेघ तिथे मोठा आवाज, ठिपका तिथे जवळजवळ काही नाही. एका जागी मला फरक वाटला म्हणून मी परत ऐकलं. त्यांचंच बरोबर होतं.

मग मी सुनेला एकेक वस्तू बंद करायला सांगितली. फ्रिज, एसी, पंखा, टीव्ही. काही फरक नाही. शेवटी घरात चालू असं काही उरलंच नाही, तेव्हा ती म्हणाली, "जिन्याचे दिवे तेवढे चालू हाईत. ते आमी कधी बंदच करत नाय, जिना कालोखी हाय."

"करा बंद."

खटका पडला आणि माझ्या कानातला भुंगा मेला.

"गेला," पलंगावरून काका म्हणाले.

मुलगा दारात उभा राहून हे सगळं बघत होता. त्याचा विश्वास बसला नव्हता हे मला दिसत होतं, आणि माझ्यावर तो का बसावा? मागच्या वेळी मीच शिक्का मारून गेले होते. मी हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवले आणि कांडी भिंतीला टेकवली. काकांना दाराकडे पाठ करून बसवलं. सुनेला सांगितलं, बाहेर जिन्याशी उभी राहा आणि तुला वाटेल तेव्हा दिवे लाव, वाटेल तेव्हा मालव, आम्हाला सांगू नकोस. आणि काकांना म्हटलं, आवाज आला की हात वर करा, गेला की खाली घ्या.

काकांचा हात वर गेला. खाली आला. बराच वेळ खालीच राहिला. सून बाहेर मुद्दाम थांबली होती. मग वर गेला, लगेच खाली, लगेच पुन्हा वर. मी नुसत्या हाताकडे बघत नव्हते, मुलाच्या चेहऱ्याकडेही बघत होते. प्रत्येक वेळी हात हलायच्या क्षणीच त्याच्या भुवया हलत होत्या. पाचव्या-सहाव्या वेळी त्याने हेडफोन काढले आणि खाली फरशीवर, बापाच्या पायाशी बसला.

"बाबा, आवाज हाय," तो म्हणाला.

"मना काय सांगतंस?" काका वळून म्हणाले. "तुज्या बहिनीला सांग."

शनिवारी, ज्या दिवशी त्यांना न्यायचं होतं त्याच दिवशी सकाळी, मुलाने घराचं वायरिंग केलेल्या वायरमनला बोलावून घेतलं. मीही गेले. जिन्याच्या दिव्यांना वीज नेणारी वायर त्याने तळमजल्यावरून, काकांच्या पलंगामागच्या भिंतीतून वर चढवली होती, आणि परत येणारी वायर वरच्या मजल्यावरून खिडकीच्या भिंतीतून खाली आणली होती. जाणारी आणि येणारी अशा दोन्ही वायरी जोडीने गेल्या की एकमेकींचं चुंबकत्व खोडून टाकतात. इथे दोघी दोन वाटांनी गेल्या होत्या आणि मध्ये काकांची अख्खी खोली सापडली होती. त्यात ते एलईडीचे स्वस्त दिवे. ते वीज संथ पीत नाहीत, गचके मारत घेतात, आणि त्या गचक्यांची किरकिर पन्नासच्या कितीतरी वर असते. माझ्या छोट्या मीटरने ती इमानेइतबारे गाळून टाकली होती. त्याचं ते कामच आहे. क्षेत्र तसं अगदी कमी होतं, त्याने कुणाला काही अपाय होणार नव्हता. फक्त कानामागे कॉइल असलेल्या माणसाला त्या खोलीत जगणं मुश्किल होतं.

"सगळीकडं आसंच करतात मॅडम," वायरमन म्हणाला. "वायर वाचते. दिवा लागतो ना?"

त्याला झापायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. आकडा आला ना, म्हणून मीही कागद दिलाच होता.

दुपारपर्यंत त्याने दोन्ही वायरी एका नळीतून नेल्या. दिवे लागले. काका पलंगावर बसून राहिले, मान तिरकी करून, बराच वेळ. मग म्हणाले, "नाय." आणि थोड्या वेळाने पुन्हा, "नाय."

तीनच्या सुमाराला फोन वाजला. आपट्याची लेक. काकांनी रिसीव्हर कानामागे धरला आणि आमच्याकडे पाठ फिरवली.

"हां, बोल. ऐकू येतंय. सगलं ऐकू येतंय. तुजा कोंबडा पन ऐकू येतंय. काप त्याला."

सून हसता हसता डोळे पुसत चहा टाकायला गेली. मुलगा बाहेर जाऊन फोनवर कर्जतच्या त्या ठिकाणाशी बोलत होता, नाही म्हणून सांगत होता. मी माझा जुना कागद मागून घेतला, त्यावर आडवी रेघ मारली आणि नवीन लिहिला. त्यात काकांच्या रेघांचा फोटो जोडला. मोजणी कोणी केली त्या रकान्यात माझ्या नावाच्या वर त्यांचं नाव लिहिलं.

निघताना मी त्यांच्या शेजारी बसले. माफी मागायची मला सवय नाही, त्यामुळे ती वाकडीतिकडीच मागितली.

"तुजी मशीन खोटी नवती, बाय," ते म्हणाले. "भैरी व्हती. मी पन भैरा हाय, भैऱ्यावर मी कशाला रागवू? पन मी भिंत दाखवली तवा तू फोटो काढलास. इचारलं नाय काय."

मी मान खाली घातली तर पलंगाशेजारी ती निळी बॅग अजून तशीच उभी होती, चेन लावलेली.

"ती अजून भरलेलीच आहे?" मी विचारलं. "उपसायला सांगू का सुनेला?"

"र्‍हाऊ दे. आवाज गेला, बरं झालं. पन त्यांनी बॅग भरली ती मी इकडंच बसून बगितली ना. माजी नवी धोतरं पन घातली तिच्यान." त्यांनी पायाने बॅग जरा पलीकडे सरकवली. "एक शनवार गेला. दुसरा येतोच."

घरी येताना गाडीत मला तेवढंच ऐकू येत होतं. बॅग भरली त्यांनी, पण भरली ती माझ्या शिक्क्यावर. वायर मी बदलून घेतली, कागद बदलला, पण त्या माणसाने आपले कपडे बॅगेत जाताना पाहिले ते काही मला परत घेता येणार नव्हतं.

त्यानंतर मी अधूनमधून गव्हाणला जाते. निमित्त काढते, उलव्याला काम होतं म्हणून आले, वगैरे. ती माणसं वाईट नाहीत. मुलगा आता रोज संध्याकाळी बापापाशी बसतो, सून आवाज चढवत नाही. काका बोलतात, चिडतात, मला मिठागराचं सांगतात, आणि आता मी ऐकते. पण प्रत्येक वेळी माझी नजर आधी पलंगाखाली जायची. बॅग तिथे सरकवलेली असायची आणि चेन लावलेली असायची.

गेल्या महिन्यात गेले तर खोलीत शिरतानाच वास आला. आमच्या पनवेलच्या बाजारात मासळीच्या गल्लीत येतो तसा, नाकातून थेट डोक्यात जाणारा. कपडे भिंतीवरच्या खुंट्यांना टांगलेले होते, धोतरांसकट.

"काका, हा वास कसला?"

त्यांनी पायाने बॅग बाहेर ओढली. वाकून, आखडलेल्या बोटांनी, वेळ घेत चेन उघडली. आत काठोकाठ सुके बोंबील भरलेले होते.

"नवीकोरी बॅग व्हती, मॅडम!" सून स्वयंपाकघरातून ओरडली. "माज्या नकलत भरले. आता शंबर वेला धुतली तरी वास जानार नाय!"

"नाय जानार," काका शांतपणे म्हणाले. कानातलं मशीन उत्तम चालत होतं. त्यांनी मूठभर बोंबील काढून माझ्यासाठी वर्तमानपत्रात गुंडाळले, पुडी माझ्या हातात दिली आणि बॅगेची चेन पुन्हा ओढून घेतली. "आता हिच्यान माजं कपडं कोन भरतंय, त्येच बगतो."